आल्फ्रेड ब्युखी

आल्फ्रेड ब्युखी (जन्म: ११ जुलै १८७९, विंटरथूर, स्वित्झर्लंड, मृत्यू: २७ ऑक्टोबर १९५९, विंटरथूर) हे स्विस यंत्र अभियंते व संशोधक होते. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर टरबाइन फिरवून, त्या टरबाइनने एंजिनात जादा हवा कोंबण्याची कल्पना त्यांनी १९०५ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. हीच कल्पना आज टर्बोचार्जर या नावाने ओळखली जाते. पेटंट मिळाल्यानंतर ती व्यवहारात यशस्वी होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. जहाजे, रेल्वे एंजिने, वीजनिर्मिती संच, मालट्रक आणि मोटारगाड्या या सर्वांत तिचा प्रसार झाला. अमेरिकेतील पिकअप ट्रकांमध्ये मोठ्या साध्या एंजिनाऐवजी लहान टर्बोचार्ज्ड एंजिन बसवावे की नाही, हा वाद ब्युखी यांच्या कल्पनेचीच अलीकडची कसोटी आहे.

पार्श्वभूमी

अंतर्ज्वलन एंजिनाची शक्ती त्यात किती इंधन पूर्णपणे जळते यावर ठरते आणि इंधन किती जळेल हे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेवर अवलंबून असते. दट्ट्या खाली सरकताना निर्माण होणाऱ्या पोकळीत बाहेरची हवा केवळ वातावरणाच्या दाबाने शिरते, तेव्हा ते एंजिन नैसर्गिक रीत्या हवा घेणारे आहे असे म्हणतात. अशा एंजिनाची शक्ती वाढवण्याचे मार्ग मोजके असतात: सिलिंडरांचा आकार वा संख्या वाढवणे किंवा एंजिन अधिक वेगाने फिरवणे. पहिल्या मार्गाने वजन व जागा वाढते, तर दुसऱ्या मार्गाने झीज वाढते.

हवा आधी दाबून मग सिलिंडरमध्ये सोडावी हा तिसरा मार्ग ब्युखी यांच्या आधीच सुचलेला होता. गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ मध्ये पंपाने दाबलेली हवा एंजिनात घालण्याचे पेटंट घेतले होते आणि लुई रेनो यांनी १९०२ मध्ये तशाच उद्देशाने केंद्रोत्सारी पंख्याचे पेटंट घेतले. मात्र या योजनांमध्ये पंप चालवण्यासाठी लागणारी शक्ती खुद्द एंजिनाच्या दंडातूनच घ्यावी लागे. मिळालेल्या जादा शक्तीचा काही भाग ती मिळवण्यातच खर्ची पडत असे.

दुसरीकडे, इंधनाच्या एकूण उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता निष्कास वायूंबरोबर, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूंबरोबर, हवेत निघून जात असे. जवळपास तेवढीच उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात जाई. ब्युखी यांचे लक्ष या वाया जाणाऱ्या पहिल्या वाट्याकडे वळले. हवा दाबण्याचा खर्च एंजिनाच्या मिळकतीतून न करता त्याने टाकून दिलेल्या उष्णतेतून भागवावा, हे त्यांच्या पुढील सर्व कार्याचे सूत्र होते.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

ब्युखी यांचा जन्म विंटरथूर या स्वित्झर्लंडच्या उत्तर भागातील औद्योगिक शहरात झाला. त्यांचे वडील योहान ब्युखी हे तेथील सुल्झर या यंत्रनिर्मिती कंपनीत वरिष्ठ अधिकारी होते. वाफेची एंजिने, पंप व बाष्पित्रे यांसाठी सुल्झरचा युरोपभर लौकिक होता. ब्युखी यांचा जन्म झाला त्याच वर्षी, १८७९ मध्ये, रुडॉल्फ डीझेल हे तरुण विद्यार्थी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्यासाठी सुल्झरच्या कारखान्यात आले होते. पुढे डीझेल यांचे एंजिन सिद्ध झाल्यावर ते बनवण्यास लवकर पुढे आलेल्या कंपन्यांमध्ये सुल्झर होती आणि तिचे पहिले डीझेल एंजिन १८९८ मध्ये चालू झाले. त्या वर्षी ब्युखी एकोणीस वर्षांचे झाले.

१८९९ मध्ये त्यांनी झ्युरिक येथील संघीय तंत्रशिक्षण संस्थेत यंत्र अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला व १९०३ मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर अनुभवासाठी ते परदेशी गेले आणि बेल्जियम व इंग्लंड येथे त्यांनी काम केले.

१९०५ चे पेटंट

बेल्जियममधील गेंट शहरात कारेल्स बंधूंच्या कारखान्यात डीझेल एंजिनांची जुळणी व चाचणी करण्याचे काम ब्युखी यांच्याकडे होते. चाचणी करणाऱ्या अभियंत्याला एंजिनात गेलेले इंधन आणि दंडावर मिळालेली शक्ती यांचा हिशेब रोज मांडावा लागतो. एंजिनाच्या कार्यक्षमतेचा आणि निष्कासावाटे होणाऱ्या उष्णतेच्या नाशाचा विचार त्यांच्या मनात या काळात दृढ झाला.

१६ नोव्हेंबर १९०५ या तारखेचे जर्मन साम्राज्याच्या पेटंट कार्यालयाचे क्रमांक २०४६३० चे पेटंट ब्युखी यांच्या नावे आहे. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षे होते. पेटंटातील यंत्रात हवा दाबणारा संपीडक, दट्ट्यांचे एंजिन आणि निष्कास वायूंवर चालणारे टरबाइन असे तीन भाग एकामागोमाग एकाच आसावर जोडलेले होते. संपीडक हवा दाबून एंजिनाला देई, एंजिनात इंधन जळे आणि बाहेर पडलेले वायू टरबाइनमधून पसरत जाऊन उरलेली शक्ती त्याच आसाला परत देत.

कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात मात्र ती त्या काळातील साधनांच्या पुढे होती. निष्कास वायूंचे तापमान कित्येकशे अंश सेल्सियस असते. त्या उष्णतेत तासन्‌तास वेगाने फिरूनही न वितळणारी, न ताणली जाणारी पाती बनवण्यासाठी योग्य पोलाद तेव्हा उपलब्ध नव्हते. संपीडकांची कार्यक्षमताही कमी होती. टरबाइनने मिळवलेली शक्ती संपीडकाच्या तोट्यातच संपून जाण्याचा धोका होता.

सुल्झरमधील प्रयोग

१९०८ मध्ये ब्युखी स्वित्झर्लंडला परतले आणि सुल्झर कंपनीत काम करू लागले. १९११ मध्ये सुल्झरने टर्बोचार्जरच्या प्रयोगांसाठी स्वतंत्र व्यवस्था उभारली आणि १९१५ मध्ये टर्बोचार्जर बसवलेल्या डीझेल एंजिनाचा पहिला नमुना तयार झाला. उंचावरील विरळ हवेत एंजिनाची घटणारी शक्ती भरून काढणे हा या नमुन्याचा एक हेतू होता. परंतु त्याला हवेचा दाब सातत्याने टिकवून धरता आला नाही आणि उद्योगजगताने त्याकडे पाठ फिरवली.

या अपयशामागे एक मूलभूत अडचण होती. चार फेऱ्यांच्या एंजिनात जळलेला सर्व वायू दट्ट्या बाहेर ढकलू शकत नाही; सिलिंडरच्या माथ्याशी असलेल्या पोकळीत थोडा तप्त वायू उरतो. निष्कासाच्या वाटेवर टरबाइन बसवल्याने वायूला अडथळा होतो, नळीतील दाब वाढतो आणि हा उरलेला वायूही वाढतो. त्याने ताजी हवा तापते, तिला जागा कमी पडते आणि झडपा व दट्टे अतितप्त होतात. म्हणजे ज्या टरबाइनने एंजिनाला मदत करायची, तेच त्याचा श्वास कोंडू लागते. टर्बोचार्जरवर शंका घेणाऱ्यांचा मुख्य आक्षेप हाच होता आणि १९१५ च्या सुमारास तो चुकीचा नव्हता.

पहिल्या महायुद्धातील समांतर प्रयत्न

याच काळात लष्करी विमानांसाठी इतरांनीही या तत्त्वावर काम केले. फ्रान्समध्ये टरबाइनतज्ज्ञ ऑग्यूस्त रातो यांनी विमान एंजिनांसाठी टर्बोचार्जर तयार केले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर लिबर्टी एंजिन नेऊन टर्बोचार्जरची चाचणी घेतली. इतक्या उंचीवर साधे एंजिन आपल्या शक्तीचा मोठा हिस्सा गमावते. टर्बोचार्जर बसवल्यावर मात्र त्याने सपाटीवर मिळते तेवढी शक्ती दिली.

विमानांमधील या प्रयोगांचे उद्दिष्ट उंचीमुळे गमावलेली शक्ती परत मिळवणे हे होते आणि तेथे टर्बोचार्जरला काही तास टिकले तरी पुरे होते. ब्युखी यांचे मुख्य उद्दिष्ट निराळे होते. जमिनीवर व समुद्रावर, वर्षानुवर्षे चालणाऱ्या एंजिनाची शक्ती आणि काटकसर वाढवणे त्यांना साधायचे होते. त्यामुळे त्यांची कसोटी अधिक कठीण होती.

ब्राउन, बोव्हेरी कंपनीशी सहकार्य

१९१५ मध्येच ब्युखी यांनी बाडन येथील ब्राउन, बोव्हेरी आणि कंपनीशी संपर्क साधला होता. ही कंपनी वाफेची टरबाइने व संपीडक बनवण्यात अग्रेसर होती. एंजिन बनवणाऱ्यांकडे नसलेले ज्ञान तिच्याकडे होते. तथापि प्रत्यक्ष करार होण्यास १९२३ साल उजाडले. १९२४ मध्ये ब्राउन, बोव्हेरीच्या बाडन येथील कारखान्यातून व्हीटी ४०२ हा टर्बोचार्जर विंटरथूरच्या स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्सकडे रवाना झाला. मोठ्या एंजिनासाठी बनवलेला जगातील पहिला भारी टर्बोचार्जर म्हणून त्याची नोंद होते.

या टप्प्यावर टर्बोचार्जर हा एंजिनाच्या दंडाशी न जोडलेला, स्वतंत्र आसावर फिरणारा भाग झाला होता. एका टोकाला टरबाइन, दुसऱ्या टोकाला संपीडक आणि दोघांना एंजिनाशी जोडणारा दुवा केवळ वायूचा. एंजिनावरील भार वाढला की निष्कास वायू वाढतात, टरबाइन वेग घेते आणि हवा आपोआप वाढते. आजचे टर्बोचार्जर याच मांडणीचे आहेत.

१९२५ चे पेटंट: स्पंद पद्धत

ब्युखी यांच्या कार्यातील निर्णायक वळण १९२५ मध्ये आले. त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या नावे स्विस पेटंट क्रमांक १२२६६४ साठी अर्ज केला. त्यातील पद्धत स्पंद पद्धत या नावाने प्रसिद्ध झाली. दहा वर्षांपूर्वीच्या अपयशाचे उत्तर तिच्यात होते.

निष्कास झडप उघडताच सिलिंडरमधील वायू एका जोरदार धक्क्याने बाहेर पडतो आणि क्षणार्धात दाब ओसरतो. सर्व सिलिंडरांचा निष्कास एकाच मोठ्या नळीत सोडला, तर हे धक्के एकमेकांत मिसळून त्यांचा जोर जातो. शिवाय एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्या सिलिंडरच्या उघड्या झडपेवर जाऊन आदळतो. ब्युखी यांनी सिलिंडरांचे गट पाडले. ज्यांचे धक्के एकमेकांच्या आड येणार नाहीत असे सिलिंडर एका अरुंद नळीला जोडायचे आणि प्रत्येक नळी टरबाइनच्या वेगळ्या कप्प्यात सोडायची. सहा सिलिंडरांच्या एंजिनात असे तीन-तीनचे दोन गट पडतात.

याचे दोन फायदे झाले. धक्क्याचा जोर टरबाइनपर्यंत शाबूत पोहोचू लागला. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा होता. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतील दाब खाली येतो. नेमक्या त्या क्षणी हवेची आणि निष्कासाची अशा दोन्ही झडपा काही काळ एकत्र उघड्या ठेवल्या, तर दाबलेली ताजी हवा सिलिंडरमध्ये शिरून उरलेला तप्त वायू बाहेर घालवते. सिलिंडर स्वच्छ होतो, झडपा व दट्ट्याचा माथा थंड राहतो आणि जादा इंधन जाळण्यास जागा मिळते. श्वास कोंडण्याचा जुना आक्षेप अशा रीतीने दूर झाला. त्या वर्षीच्या चाचण्यांत डीझेल एंजिनाच्या शक्तीत ४० टक्क्यांहून अधिक वाढ दिसून आली.

प्रॉयसेन आणि हान्झेश्टाट डान्झिश

पहिल्या महायुद्धानंतर पूर्व प्रशिया हा प्रांत पोलंडच्या भूभागामुळे उर्वरित जर्मनीपासून तुटला होता. समुद्रमार्गे दळणवळण ठेवण्यासाठी जर्मन वाहतूक मंत्रालयाने दोन प्रवासी जहाजे बांधवून घेतली: प्रॉयसेन आणि हान्झेश्टाट डान्झिश. त्यांच्यासाठी मान कंपनीची दहा सिलिंडरांची डीझेल एंजिने निवडण्यात आली आणि त्यांना ब्युखी यांच्या देखरेखीखाली तयार झालेले टर्बोचार्जर बसवण्यात आले. एरवी १,७५० अश्वशक्ती देणारे एंजिन त्यामुळे २,५०० अश्वशक्ती देऊ लागले.

१९२६ मध्ये जलावतरण झालेली ही दोन जहाजे टर्बोचार्ज्ड एंजिनांवर चालणारी पहिली जहाजे ठरली. प्रवासी जहाजाचे एंजिन भर समुद्रात बंद पडून चालत नाही. त्यामुळे त्यांच्या नियमित फेऱ्यांनी नव्या तंत्राविषयी जो विश्वास निर्माण केला, तो प्रयोगशाळेतील आकड्यांना निर्माण करता आला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४१ मध्ये, ही दोन्ही जहाजे स्वीडनच्या ओलांड बेटाजवळ सुरुंगक्षेत्रात सापडून बुडाली.

ब्युखी सिंडिकेट

१९२६ मध्ये ब्युखी सिंडिकेट या संघाची स्थापना झाली. त्यात अभियांत्रिकी सल्ला व ग्राहकांशी संबंध ही कामे ब्युखी यांच्याकडे, चाचणीसाठी डीझेल एंजिने पुरवण्याचे काम स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्सकडे आणि टर्बोचार्जर बनवण्याचे काम ब्राउन, बोव्हेरीकडे होते. निरनिराळ्या देशांतील एंजिन उत्पादकांनी या संघामार्फत ब्युखी पद्धत वापरण्याचे परवाने घेतले. एंजिन एकाचे आणि टर्बोचार्जर दुसऱ्याचे अशी या उद्योगातील विभागणी तेव्हापासून रूढ झाली.

दोन फेऱ्यांच्या मोठ्या सागरी एंजिनांना टर्बोचार्जर बसवणे अधिक अवघड होते, कारण त्यांत सिलिंडर साफ करण्यासाठी सुरुवातीपासूनच बाहेरून हवा पुरवावी लागते. हा टप्पा १९५२ मध्ये डॉर्थे मार्स्क या डॅनिश तेलवाहू जहाजाने ओलांडला. ब्युखी यांच्या हयातीतच टर्बोचार्जर मोठ्या सागरी एंजिनांचा आवश्यक भाग होऊ लागला होता.

रस्त्यावरील वाहने

जहाजाचे एंजिन तासन्‌तास एकाच वेगाने व एकसारख्या भाराखाली चालते. रस्त्यावरील वाहनाचा भार मात्र क्षणोक्षणी बदलतो. चालकाने पॅडल दाबल्यावर निष्कास वायू वाढून टरबाइनने वेग घेईपर्यंत थोडा वेळ जातो. या विलंबाला टर्बो लॅग म्हणतात. जहाजावर जो दोष जाणवतही नाही, तोच रस्त्यावर त्रासदायक ठरतो.

तरीही १९३८ मध्ये झाउरर या स्विस कंपनीने मालट्रकासाठी टर्बोचार्ज्ड डीझेल एंजिन बनवले. घाटरस्त्यांच्या देशात ही सुरुवात होणे स्वाभाविक होते. पेट्रोल मोटारींमध्ये १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्वेअर माँझा स्पायडर ही मॉडेले आली. परंतु तेव्हाची इंधनपुरवठा व नियंत्रण यंत्रणा या तंत्राला पुरेशी नव्हती. जेटफायरमध्ये अवेळी होणारे ज्वलन रोखण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून द्यावे लागे आणि ती टाकी भरण्याकडे अनेक मालकांचे दुर्लक्ष होई. १९७३ च्या तेलसंकटानंतर काटकसरीला महत्त्व आले आणि १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझने ३०० एसडी ही टर्बोडीझेल मोटार बाजारात आणली.

पिकअप ट्रकमधील वाद

मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक हे अमेरिकेतील शेतकरी, कंत्राटदार आणि सामान्य कुटुंबे यांचे आवडते वाहन आहे. त्याचा वापर दोन टोकांचा असतो. बहुतेक दिवस तो रिकामा किंवा हलक्या भाराने धावतो आणि काही दिवस त्याला अवजड ट्रेलर ओढावा लागतो. अनेक दशके यासाठी नैसर्गिक रीत्या हवा घेणारे आठ सिलिंडरांचे मोठे पेट्रोल एंजिन, म्हणजे व्ही-८, हेच प्रमाण मानले गेले.

डीझेल पिकअपमध्ये टर्बोचार्जरने लवकर जागा मिळवली. १९८९ च्या डॉज रॅममध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे टर्बोडीझेल एंजिन आले. त्याची शक्ती अवघी १६० अश्वशक्ती होती. पण टॉर्क, म्हणजे दंड फिरवण्याचा जोर, सुमारे ५४० न्यूटन-मीटर होता. भार ओढताना हा जोर कमी वेगावरच हाती असणे मोलाचे ठरते.

पेट्रोल पिकअपमधील खरा बदल २०११ च्या फोर्ड एफ-१५० या मॉडेलपासून दिसतो. त्यात ३.५ लिटरचे, दोन टर्बोचार्जरांचे व्ही-६ एंजिन आणि ५ लिटरचे साधे व्ही-८ एंजिन हे दोन्ही पर्याय एकाच वाहनात उपलब्ध होते. व्ही-८ ची शक्ती ३६० आणि लहान एंजिनाची ३६५ अश्वशक्ती, म्हणजे जवळजवळ समान होती. फरक टॉर्कमध्ये होता. व्ही-८ मिनिटाला ४,२५० फेऱ्यांवर सुमारे ५१५ न्यूटन-मीटर देई, तर लहान एंजिन २,५०० फेऱ्यांवरच सुमारे ५७० न्यूटन-मीटर देई. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणे, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि संगणकीय नियंत्रण यांमुळे १९६२ मधील उणिवा दूर झाल्या होत्या.

लहान एंजिनाच्या बाजूचा युक्तिवाद ब्युखी यांच्या सूत्राशी जुळतो. हलक्या भाराखाली लहान एंजिनात घर्षण कमी असते आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात वाया जाणारी शक्तीही कमी असते, म्हणून इंधन वाचते; जोर हवा असेल तेव्हाच टर्बोचार्जर हवा वाढवतो. उंच प्रदेशातही त्याचा लाभ होतो. साधे एंजिन दर ३०० मीटर चढाईमागे सुमारे ३ टक्के शक्ती गमावते. टर्बोचार्जर ती बऱ्याच अंशी भरून काढतो.

मोठ्या एंजिनाच्या बाजूचा युक्तिवादही भक्कम आहे. काटकसरीचा लाभ भार हलका असेपर्यंतच मिळतो. अवजड ट्रेलर ओढताना लहान एंजिनाला सतत दाबाखाली राहावे लागते. निष्कासाचे तापमान वाढते आणि टरबाइन व झडपा वाचवण्यासाठी गरजेपेक्षा अधिक पेट्रोल फवारावे लागू शकते. मग लहान एंजिन मोठ्याइतके किंवा त्याहूनही जास्त इंधन पिते. डीझेल एंजिन नेहमीच जादा हवेत इंधन जाळत असल्याने त्याला ही अडचण तितकी जाणवत नाही. ब्युखी यांनी आपले तंत्र डीझेलवर सिद्ध केले, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. याशिवाय साध्या एंजिनात तप्त टरबाइन, त्याला लागणारे तेल आणि जादा नळ्या नसतात, त्यामुळे त्याची दुरुस्ती सोपी असते आणि पॅडल दाबताच प्रतिसाद मिळतो.

बाजाराचा कौलही एकतर्फी नाही. टोयोटाने २०२२ च्या टंड्रा पिकअपमध्ये ५.७ लिटरचे व्ही-८ एंजिन बंद करून दोन टर्बोचार्जरांचे सुमारे ३.४ लिटरचे व्ही-६ एंजिन आणले आणि टॉर्क सुमारे ५४४ वरून ६४९ न्यूटन-मीटरपर्यंत गेला. रॅम कंपनीने २०२५ च्या आपल्या १५०० या पिकअपमधून ५.७ लिटरचे व्ही-८ एंजिन काढून ३ लिटरचे टर्बोचार्ज्ड एंजिन बसवले. नव्या एंजिनाची शक्ती व टॉर्क दोन्ही अधिक होते. तरीही ग्राहकांच्या मागणीमुळे २०२६ च्या मॉडेलसाठी व्ही-८ परत आणण्याची घोषणा कंपनीला करावी लागली.

मृत्यू व वारसा

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ब्युखी यांचे विंटरथूर या जन्मगावीच निधन झाले. जहाजे, रेल्वे व वीजकेंद्रे यांत त्यांचे तंत्र तोवर स्थिरावले होते. टर्बोचार्जर असलेली मोटार सामान्य ग्राहकाला विकत घेता येण्यास मात्र आणखी तीन वर्षे होती.

भारतात या तंत्राचे दीर्घकाळ परिचित राहिलेले रूप म्हणजे रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ हे डीझेल एंजिन होय. १९६२ पासून सेवेत आलेल्या या एंजिनातील सोळा सिलिंडरांना टर्बोचार्जरमधून हवा मिळे आणि त्याची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती.

ब्युखी यांच्या १९०५ च्या पेटंटातील यंत्र त्याच स्वरूपात कधी प्रचारात आले नाही. टिकले ते त्यामागचे तत्त्व आणि ते व्यवहारात आणणारी १९२५ ची पद्धत. टरबाइनच्या कवचात दोन वेगळे कप्पे करून सिलिंडरांच्या दोन गटांचा निष्कास वेगवेगळा आणण्याची रचना आजही अनेक मालट्रक, पिकअप आणि मोटारींच्या एंजिनांत आढळते. ती त्यांच्या स्पंद पद्धतीचीच वंशज आहे. टर्बोचार्जरने मोठ्या एंजिनाची गरज सर्वत्र संपवली असे म्हणता येत नाही. दीर्घकाळ मोठा भार वाहणाऱ्या डीझेल एंजिनांत त्याला आज जवळजवळ प्रतिस्पर्धी उरलेला नाही. भार सतत बदलणाऱ्या पेट्रोल वाहनांत मात्र त्याची उपयुक्तता वाहन कसे वापरले जाते यावर ठरते.